माणशी किती?

वसईच्या माणिकपुरातल्या लिफ्ट नसलेल्या कुठल्याही चार मजली सोसायटीचा जिना संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास चढून बघा. तळमजल्यावर सुकट भाजल्याचा वास. पहिल्यावर डाळीला लसणाची फोडणी. दुसऱ्यावर बाटली मसाल्यात काहीतरी रटरटतंय आणि ते डुकराचं की कोंबडीचं यावर जिन्यात दोन मतं आहेत. तिसऱ्यावर कसलाच वास नाही, पण दारात कागदी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला पोरगा घंटी वाजवतोय. चौथा मजला येईपर्यंत धाप लागते आणि कुणाच्या घरी महिन्याला किती येतात, ते किती तोंडांना पुरवावे लागतात, याचा हिशेब साधारण जमलेला असतो. आयकर खात्याला ही युक्ती अजून सुचलेली नाही, हे बरं आहे.

त्याच घरांत जाऊन सरळ विचारलं तर मात्र हे कळणार नाही. तळमजला म्हणेल, "आमच्याकडे सगळ्यांना सुकट म्हणजे जीव की प्राण." पहिला म्हणेल, "रात्री हलकंच बरं." तिसरा म्हणेल, "आज कंटाळा आला हो." आवड, प्रकृती आणि कंटाळा ही खाण्याची जाहीर कारणं. पगाराला घरातल्या माणसांनी भागल्यावर हातात काय उरतं, हे कारण चारचौघांत कुणी काढत नाही. माझं मत असं, की बाकीची तिन्ही कारणं याच्याच पोटची. आधी भागाकार होतो, मग आवड ठरते. तीन मुलं, आजी-आजोबा आणि एकच पगार असलेल्या घरात पापलेट कुणालाच आवडत नाही. "फार मऊ लागतं बाई." त्याच घरातला थोरला नोकरीला चिकटला की दोन-चार महिन्यांत पापलेटचा मऊपणा सगळ्यांना मानवायला लागतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १८५७ साली, आपल्याकडे बंडाची धामधूम चालू असताना, तिकडे सॅक्सनीत अर्न्स्ट एंगेल नावाचा संख्याशास्त्रज्ञ बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी पुढ्यात घेऊन बसला होता. (मार्क्सचा मित्र तो एंगल्स. तो गिरणीमालकाचा मुलगा, त्याला किराण्याची यादी करावी लागली नसणार.) या एंगेलनं नियम मांडला: घर जितकं गरीब, तितका खर्चातला मोठा हिस्सा पोटात जातो, मिळकत वाढते तसा खाण्याचा हिस्सा कमी होत जातो. पावणेदोनशे वर्षांत अर्थशास्त्रातले कितीतरी नियम आले आणि गेले, हा टिकला. टिकणारच. वाण्याच्या वहीतून निघालेला नियम आहे.

आपल्या सरकारनंही हिशेब मांडलाय. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ६,४५९ रुपये निघाला आणि त्यातला ३९ टक्के खाण्यावर. १९९९-२००० साली हाच हिस्सा ४८ टक्के होता. म्हणजे एंगेलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे आपली प्रगती झाली. पण जरा आत डोकावलं की गंमत दिसते. धान्यावरचा खर्च १२ टक्क्यांवरून साडेतीनच्या आसपास उतरलाय, आणि चहा-कॉफी, शीतपेयं, फरसाण, बिस्किटं, बाहेरचं खाणं यांचा हिस्सा साडेदहा टक्क्यांवर जाऊन बसलाय. खाण्याच्या खर्चात त्याचाच पहिला नंबर. भात-पोळीवर जेवढे जातात त्याच्या जवळजवळ तिप्पट या चहा-चकण्यावर. यात दोष एकट्या तिसऱ्या मजल्याचा नाही. वसई रोड स्टेशनाबाहेर सकाळी चर्चगेटची गाडी पकडायच्या आधी जो वडापाव उभ्या उभ्या गिळला जातो, तोही याच खात्यावर पडतो.

वडापावावरून आठवलं. १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीवर गाजलेला अभ्यास केला. माणशी २,२५० कॅलऱ्या पोटात जायच्या असतील तर किती खर्च करावा लागेल, हे त्यांनी काढलं. १९६०-६१ च्या भावानं शहरात महिन्याला साडेबावीस रुपये. अख्ख्या महिन्याचे. आज तेवढ्यात स्टेशनाबाहेर एक वडापाव येतो आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांवरून वाद होतो.

सरकारी पाहणीच्या यादीत एक खाणारा मात्र कुठेच सापडत नाही. माणिकपुरातल्या बहुतेक घरांत तो आहे. गृहकर्जाचा हप्ता. गिरगावची, लालबाग-परळची खोली सोडून, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावल्यावर, आणि नंतर मुंबईत भाव परवडेनात म्हणून लोक वसईत आले. नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती, २००९ साली ती वसई-विरार महापालिकेत गेली, २०१४ साली जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. पत्ता बदलत राहिला, हप्ता तोच. घरात सगळ्यात आधी तो जेवतो. पाच तारखेला त्याचं पान वाढलं जातं आणि तो उठला की बाकीचे बसतात. वीस वर्षं जेवतो आणि एकदाही म्हणत नाही, की आज भूक नाही. नवरा-बायको दोघं कमावते, पोरगं एकच, तरी पंधरा तारखेनंतर घरात सारखी पिठलं-भाताची आवड का उफाळून येते, याचं उत्तर शोधायला एंगेलपर्यंत जायला नको.

अर्थात पगाराचा आकडा हा निम्माच खेळ. उरलेला निम्मा डोक्यांच्या संख्येचा. आणि हा खेळ बघायचा तर मासळी बाजारासारखी जागा नाही.

पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इकडून टोपल्या येतात. मावशी बसल्या बसल्या गिऱ्हाईक जोखते. पिशवीचा आकार, चपलांची अवस्था, डोळे आधी कुठल्या मासळीवर गेले आणि तिथून किती वेगानं हटले, एवढं तिला पुरतं. तरीही ती एक प्रश्न विचारतेच.

"किती माणसं हायत घरात?"

"सहा."

"मग हे नको बघू. इकडे बघ, बोंबील. ताजं फडफडीत. दोन वाटे ने, पोटभर होतील."

"आणि दोघंच असतील तर?"

"दोघंच काय? मग घे की सरंगा. एकच घे. मध्ये काप आणि खा समोरासमोर बसून."

नोबेल समितीनं या बाईची दखल घ्यायला हवी होती.

मासळीचे, माझ्या मते, दोनच प्रकार. मोजता येणारी आणि न येणारी. पापलेट, सुरमई, रावस, हलवा ही मोजता येणारी. मांदेली, जवळा, करंदी ही न मोजता येणारी. मोठ्या कुटुंबाला दुसरा प्रकार मानवतो तो केवळ भावामुळे नाही. तक्रार करायला आकडा लागतो. "त्याला दोन तुकड्या, मला एकच" असं सुरमईबाबत म्हणता येतं. "त्याला एकतीस जवळे, मला सव्वीस" असं अजून तरी कुठलं पोरगं बोललेलं ऐकलं नाही. सहा माणसांच्या घरात शांतता नांदायची असेल तर जवळ्याला पर्याय नाही. त्यात वांगं घातलं की शांतता आणखी वाढते.

सुरमईच्या घरात मात्र वाटपाचं अलिखित शास्त्र असतं. पोटाकडची जाड तुकडी कमावत्याला. काटा कमी असलेली धाकट्याला. परीक्षेला बसलेल्याला जास्तीची. शेपटीकडची जो शेवटी येईल त्याला, म्हणून त्या दिवशी सगळे वेळेवर येतात. राहिलं डोकं. डोक्याबद्दल प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं आहे: "खरी चव डोक्यातच असते." नीट लक्ष दिलं तर कळेल, की हे वाक्य नेहमी सगळ्यांना वाढून झाल्यावर ताट घेणाऱ्या माणसाच्याच तोंडी असतं. आणि हे माणूस बहुतेक वेळा बाई असतं.

आहारशास्त्रज्ञांनी या माणसाचाही आकडा काढून ठेवलाय. कुटुंबं लहान-मोठी असतात, त्यांची तुलना करायची कशी? म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या जुन्या कोष्टकात बैठं काम करणारा पुरुष म्हणजे १ एकक. बैठं काम करणारी बाई ०.८. एक ते तीन वर्षांचं मूल ०.४. बारा ते एकवीस वयाचं कुणीही, अख्खं १. यातलं पहिलं विधान ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर बसणाऱ्या पुरुषांनी फ्रेम करून लावावं. शेवटचं ज्यांच्या घरी अकरावीतला मुलगा आहे त्यांना दाखवू नये, हसू आवरणार नाही. क्लासहून आलेला तो मुलगा दाराशी बूट काढता काढता १ असतो, फ्रिज उघडेपर्यंत २ होतो. आणि ०.८ चं काय? पहाटे उठून तीन डबे, मग विरारहून आधीच गच्च भरून आलेल्या लोकलमध्ये दाराशी लटकत अंधेरी, येताना गाडीतच गवार मोडायची, घरी आल्यावर पोळ्या. याला कोष्टकात 'बैठं काम' म्हणायचं असेल तर तो बसलेला माणूस मला एकदा बघायचाय.

कोंबडीचं गणित त्या मानानं सोपं. कोंबडीला तंगड्या दोन. 'हम दो, हमारे दो' ही घोषणा ज्यानं लिहिली त्याला हे नक्की ठाऊक असणार. मुलं दोन असली की रविवारचं जेवण सुखानं पार पडतं. तिसरं झालं की त्या घरात रविवारी लोकशाही धोक्यात येते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांना शास्त्र समजावलं, आरोग्य समजावलं, बायकांचे हाल सांगितले, आणि बदल्यात शिव्या खाल्ल्या, खटले झेलले. गणिताचे प्राध्यापक असूनही त्यांना कोंबडीकडे बोट दाखवायचं सुचलं नाही. अर्धा महाराष्ट्र तिथल्या तिथे पटला असता. आता तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रात दर बाईमागे मुलं सरासरी १.७ वर आलीत. म्हणजे कोंबडीमागे ०.३ तंगडी शिल्लक राहते. ती बाप खातो.

तीन-चार मुलांच्या काळातल्या आया मात्र तंगडीच्या राजकारणात पडल्याच नाहीत. त्यांनी बटाटा शोधला. मटणात बटाटा, कोलंबीत बटाटा, अंड्याच्या रश्श्यात बटाटा. अर्धा किलो मटण नऊ जणांत पोचवायचं तर त्याला पायी जमणार नाही, बटाट्याच्या खांद्यावर बसून जावं लागतं. कोलंबीत शेवग्याच्या शेंगा पडतात, सुकटीत कांदा पडतो तो इतका, की सुकट शोधायला चष्मा लागतो. रस्सा जरा सढळ. पाहुणा आला तर आणखी एक पेला पाणी आणि चिमूटभर मसाला, की दहावं माणूस जेवून जातं. आणि हे सगळं 'पारंपरिक पाककृती' या नावानं आता पुस्तकांतून छापून येतं. आगाशीचं भुजिंग घ्या. विरारच्या पलीकडचं हे गाव. कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर भाजायचे, मग बटाटे आणि पोह्यांबरोबर परतायचे. मुंबईहून लोक गाड्या काढून खायला येतात, फोटो काढतात. चव अफलातून, त्याबद्दल वाद नाही. पण कोंबडीत पोहे घालायचं ज्याला कुणाला पहिल्यांदा सुचलं, त्याच्या घरी जेवायला माणसं भरपूर होती आणि कोंबडी एकच होती, एवढं मी शपथेवर सांगायला तयार आहे. पुरावा नाही. पोहे हाच पुरावा.

इथे मोठमोठे विद्वान कसे अडखळले ते सांगायला हवं. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या दोघांनी १९९८ साली एक कोडं मांडलं. डीटनना पुढे २०१५ साली नोबेल मिळालं. कोडं असं. चार माणसं एकत्र राहिली की बऱ्याच गोष्टी वाटून घेता येतात. ट्यूबलाइट एक, टीव्ही एक, भाडं एक. मग माणशी पैसे वाचतात. अन्न मात्र वाटून घेता येत नाही. तू खाल्लेलं पापलेट माझ्या पोटात जात नाही. तेव्हा माणशी खर्च सारखा धरला तर मोठ्या कुटुंबानं वाचलेल्या पैशातून माणशी जास्त खायला हवं, विशेषतः गरिबांनी. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सपासून तैवान, थायलंड, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिकेपर्यंतची आकडेवारी त्यांनी तपासली. सगळीकडे उलटंच. कुटुंब मोठं तर खाण्यावर माणशी खर्च कमी, आणि गरीब देशांत हा फरक जास्तच. असं का, यावर अर्थशास्त्रज्ञ अजूनही लेख लिहितात. घाऊक खरेदी स्वस्त पडते, नासाडी कमी होते, अशी उत्तरं देतात.

एकानंही कालचा भात बघितलेला नाही. दोघांच्या घरात उरलेला भात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्रिजमध्ये कुढतो आणि मग 'चिमण्यांना' जातो. सात जणांच्या घरात भात उरत नाही. उरलाच तर सकाळी फोडणीचा होतो, आणि उशिरा उठणाऱ्याला तोही मिळत नाही. शिळ्या पोळीचा चुरमा, आमटीत वळलेली चकोल्यांची भर, फुटक्या दुधाचं काहीतरी गोड. लादीपाव सहाचा येतो, माणसं पाच, सहावा पाव संध्याकाळी कटलेटमध्ये गडप. एकट्या माणसाचं काय होतं? अंबाडी रोडला भाड्यानं राहणारे बँकेतले एक तरुण गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. पगार उत्तम. एकाच माणसाचा स्वयंपाक करायचा म्हणजे अर्धा कांदा उरतो, पाव कोबी उरतो, कोथिंबिरीच्या जुडीतल्या चार काड्या वापरून बाकीची फ्रिजमध्ये विरघळते. म्हणून ते बाहेरून मागवतात. त्यांच्या एकट्याच्या खाण्याच्या खर्चात तळमजल्यावरची निम्मी मंडळी जेवतील, आणि तरी गृहस्थ वाळलेले. मधूनच तळमजल्याच्या काकू त्यांना वाटीभर आमटी पाठवतात. आता ती आमटी डीटनसाहेब कुणाच्या खात्यावर लिहिणार?

सरकारनं माणसं मोजायचा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. १९९९ पासून महाराष्ट्रात रेशनकार्डं तीन रंगांची. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत मिळकत तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. रंग ठरवताना घरात जेवायला दोन बसतात की अकरा, हा प्रश्न नाही. धान्य देताना तो अर्धाच येतो: प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, आणि अंत्योदयच्या कार्डाला सरसकट पस्तीस किलो, घरात माणूस एक असो की नऊ. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही. ते पूर्वी बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवलं जायचं, आणि थोडं ऐटीनं.

उपासांचाही हिशेब कुणीतरी करायला हवा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बर्फातल्या मासळीचे भाव आभाळाला टेकतात आणि नेमका त्याच्या आगेमागे श्रावण येतो. महिनाभर कसलाही वशाट नाही. पूर्वजांनी हे आखताना पंचांग बघितलं की भाव, सांगता येत नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो, त्यांचंही मटण तेवढ्यापुरतं वाचतं. पण साबुदाणा, वरीचे तांदूळ, शेंगदाणे, तूप, रताळी, राजगिऱ्याचे लाडू अशी यादी हातात पडली की कळतं, धर्मानं एका हातानं दिलेलं वाण्यानं दुसऱ्या हातानं काढून घेतलं. एकादशी, दुप्पट खाशी, आणि बिल तिप्पट.

पूर्वी या दिवसांची सोय मे महिन्यातच व्हायची. आगोट भरायची. सुके बोंबील, सुकट, सोडे, वर्षाचा मसाला, तांदूळ. पंधरा-वीस माणसांचं घर पावसाळाभर त्या डब्यांवर निघायचं. सुकं हे तेव्हा गरिबाचं खाणं. पाहुणा आला की डबा पलंगाखाली. आता सोड्यांचा भाव ऐकून माणूस आधी खुर्ची मागतो. सोड्याची खिचडी लग्नाच्या वाढदिवसाला होते.

हा उलटा प्रवास वसईनं फार बघितलाय. चुळणे, बरामपूर, दिवाणमान भागात जुन्या लोकांच्या वाड्या होत्या. केळी, नारळ, अळू, दुधी, विड्याची पानं. घरात पैसा कमी आणि माणसं भरपूर, म्हणून जे परसात उगवायचं तेच खायचे. राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात घालायची आणि पोरं राखणीला बसवायची. पोरं राखणीतली किती खायची ते वेगळं. मग वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, हातात पैसा आला, कुटुंबं चार फ्लॅटमध्ये चार झाली. आता तीच माणसं डझनाच्या भावानं केळी विकत घेतात आणि पानात बांधलेली सुकेळी काजू-बदामांच्या ऐटीत. नाचणीचंही तेच. आजोबा नाचणी खायचे कारण गहू परवडत नव्हता. वडील गहू खायला लागले कारण परवडायला लागला. नातू जिममधून येतो आणि नाचणीचीच बिस्किटं खातो, गव्हाच्या चौपट भावानं, कारण आता तीही परवडते. तिन्ही पिढ्या म्हणतात, आम्हाला आवडतं म्हणून खातो.

पापलेटचा तर कळस झाला. २०२३ साली सरकारनं त्याला राज्यमासा केलं. तेव्हापासून त्याचं घरी येणं मंत्र्यांच्या दौऱ्यासारखं झालंय: आधी वर्दी, मग घरभर साफसफाई, प्रत्यक्ष मुक्काम दहा मिनिटं, आणि खर्चाचा आकडा नंतर कुणी काढायचा नाही. मोठ्या पापलेटचा किलोचा भाव हजाराच्या पलीकडे. मग हॉटेलात थाळीला पुरेल असं पंजाएवढं पिल्लू येतं. सहा माणसांच्या कुटुंबानं त्याच्याकडे फक्त आदरानं बघावं.

सगळ्यात अवघड भागाकार मात्र शेवटी येतो. आमच्या सोसायटीत दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर निवृत्तांची दोन बिऱ्हाडं आहेत. दोन्हीकडे दोघं-दोघंच. एकांची मुलगी कॅनडात, दुसऱ्यांचा मुलगा दुबईत. हप्ता कधीच जेवून उठला, पेन्शन येते, मुलं पाठवतात. आयुष्यात पहिल्यांदाच मिळकत भरपूर आणि तोंडं कमी. एंगेल म्हणेल, आता खा. डीटन म्हणतील, खाच. पण आता घरात डॉक्टर शिरलाय. एकाला साखर बंद, दुसरीला मीठ कमी, तिसऱ्याला मटण महिन्यातून एकदा, चौथीला कोलंबीची अ‍ॅलर्जी, जी साठाव्या वर्षी अचानक कळली. चौघांना चालते ती मासळी एकच, बांगडा.

आणि बांगड्याचा वाटा असतो पाचाचा. दोघांना पाच फार. दोनच द्या म्हटलं तर मावशी ओरडते, "दोनात काय माझी बोहनी करतोस? वरच्या बाईला बोलाव, दोघात एक न्या." म्हणून गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही घरं वाट्यात वाटा घेतात. दुसऱ्या मजल्याच्या काकू साफ करतात, चौथ्या मजल्याच्या काकू मसाला लावतात, बाटली मसाला आणि मालवणी मसाला यांचा तह झालाय: अर्धे याचे, अर्धे त्याचे. माणसं चार, बांगडे पाच. पाचवा आळीपाळीनं जायचा असं ठरलंय. मागच्या बुधवारी तो कुणाकडे गेला होता यावर मात्र दोन्ही मजल्यांचं एकमत नाही. काका म्हणतात वर, वरचे म्हणतात खाली. शेवटी दोघांनी मिळून बाजारात मावशीलाच साक्षीला धरलं. मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "सहा देते. वीस रुपये वर टाका आणि भांडण घरी न्या."

वीस रुपये कुणी टाकायचे, यावर बोलणी चालू आहेत.